बिजागरीतली हळद

सुमित्रा पिंपळखुटेला फसवणं फार अवघड होतं, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. दुकानातलं दूध ती हात लांबवून मागच्या रांगेतलं काढायची, कारण पुढची रांग दुकानदारानं स्वतःच्या सोयीनं लावलेली असते. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की तिचं लक्ष आधी डॉक्टरच्या टेबलावरच्या पेनाकडं जायचं, त्यावर कोणत्या औषध कंपनीचं नाव आहे ते बघायला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी कौतुकानं "मोदक घरी केलेत हं" म्हणून सांगितलं, तर पहिल्याच घासाला ती मान हलवायची आणि शेजारणीच्या कानात म्हणायची, "फ्रोझन." बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं, आणि हीच तर अडचण होती. चार वेळा तोंडघशी पडली असती तर बाई जरा सुधारली असती.

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका मोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यानं लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट आहे असं धरून चालायचं आणि ती शोधून दाखवायची, असं हे काम. नागपूरला माहेरी "पोरगी भलती शंकेखोर आहे, हिचं कसं निभायचं" म्हणून आई ज्या स्वभावापायी कपाळाला हात लावायची, त्याच स्वभावाचा अमेरिकेत दर पंधरवड्याला पगार मिळत होता. तिचा नवरा देवदत्त पुण्याचा, शांत, आणि विनोद करून वेळ मारून नेणारा. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमची पत्रिका जुळली, तर हिनं ती दुसऱ्या ज्योतिषाकडून क्रॉसचेक करून घेतली." लोक हसायचे. सुमित्रा हसायची नाही, कारण ते खरं होतं.

कंपनीनं पृथ्वीला वाचवायचं मनावर घेतलं आणि सुमित्राच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. आधी स्वागतकक्षातली एक अख्खी भिंत हिरव्या शेवाळानं मढवली गेली. शेजारी पाटी लागली, की ही भिंत श्वास घेते. सुमित्रानं आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्या शेवाळाला चिमटा काढला. शेवाळ केव्हाच मेलेलं होतं, वरून रंग दिलेला होता. मग कँटीनमधून प्लॅस्टिकचे चमचे हद्दपार झाले आणि लाकडी चमचे आले, एकेक चमचा प्लॅस्टिकच्या पाकिटात गुंडाळलेला. हे ती घरी येऊन सांगायची तेव्हा देवदत्त म्हणायचा, "चांगलं काहीतरी करतायत ना? मग करू दे." सुमित्राला या वाक्याचा मनापासून राग होता. चांगलं करणं आणि चांगलं दिसणं यात जे अंतर असतं, तेवढ्यातच तर जगातली सगळी लबाडी राहते, असं तिचं मत होतं.

दर एप्रिलमध्ये कंपनीचा पृथ्वी सप्ताह असायचा. "एकही यंत्र मातीत जाणार नाही," अशी घोषणा जिन्यांवर, लिफ्टमध्ये आणि बाथरूमच्या आरशांवरसुद्धा चिकटायची. कर्मचाऱ्यांना नवे लॅपटॉप मिळायचे आणि जुने खाली मोठाल्या हिरव्या पेट्यांमध्ये जमा करायचे. तिथं पडद्यावर एक फिल्म फिरत असायची. त्यात जुना लॅपटॉप यंत्रात जायचा, त्याचा चमचमता चुरा व्हायचा, चुऱ्यातून तांबं आणि सोनं वेगळं व्हायचं आणि शेवटी कुठूनसं एक झाड उगवायचं. पेट्यांशी हिरवे टी-शर्ट घालून स्वयंसेवक उभे असायचे. त्यांच्यात संग्राम होता.

संग्राम इंगवले कोल्हापूरकडचा. तो आणि त्याची बायको रेणू पहिल्यांदा इथं उतरले, तेव्हा त्यांना विमानतळावरून आणायला सुमित्रा आणि देवदत्तच गेले होते. त्या दिवशी सुमित्राच्या हातचा वरणभात खाऊन दोघं सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून गेले होते. तेव्हापासून ती त्यांची मावशी झाली. रेणूच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू हिनंच केले, आणि लेकीनं पहिलं पाऊल टाकलं तेही हिच्याच स्वयंपाकघरात. दर दसऱ्याला संग्राम सोनं द्यायला यायचा. आपटा इथं कुठला मिळायला? कॅरीत घरोघरी रेडबड नावाची झाडं आहेत, त्यांचीच पानं मंडळी आपट्याची म्हणून वाटतात. संग्राम येताना ओंजळभर पानं घेऊन यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. त्याचं इथलं सगळं, भाड्याचं घर, रेणूचं कॉलेज, मुलीची शाळा, एका नोकरीला टांगलेलं होतं. व्हिसा कंपनीचा. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. हे सुमित्राला ठाऊक होतं. तीही एके काळी त्याच टांगणीवर लटकलेली होती.

त्या एप्रिलमध्ये तिनं आपला जुना लॅपटॉप त्याच्या हातात दिला. देताना तिला थोडं वाईट वाटलं. दर दसऱ्याला ती त्या लॅपटॉपची पूजा करायची. माहेरी वडील स्कूटरला आणि टाइपरायटरला हळदकुंकू वाहायचे, इथं लॅपटॉप. एका वर्षी हळद जरा पातळ झाली आणि ओघळून बिजागरीत शिरली. ती पुढं कधी निघाली नाही. झाकणाच्या कोपऱ्यावर तिच्या बोटाचा पिवळा ठसाही कायमचा बसला होता. ऑफिसातल्या मदतनीसानं एकदा विचारलं होतं, करी सांडली का म्हणून. त्याच पूजेतला अक्षतांचा एक दाणा स्पेसबारखाली गेला होता, आणि स्पेसबार दाबला की कुरकुर करायचा. वर्षानुवर्षं ती कुरकुर ऐकत तिनं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या.

"द्या इकडं, मावशी. म्हातारा झाला तुमचा," संग्राम म्हणाला.

"काय रे, खरंच ग्राइंड करतात का हे?"

"म्हणजे काय? व्हिडिओ बघितला नाही का?"

"व्हिडिओत झाडसुद्धा उगवतं."

संग्राम हसला, पण नेहमीसारखं खळखळून नाही. त्यानं लॅपटॉप हातात उलटासुलटा केला, झाकण उघडून मिटून बघितलं आणि पेटीत टाकण्याऐवजी कडेला अलगद ठेवला. हे सगळं तिला नंतर आठवलं. त्या क्षणी मात्र, सगळ्या जगावर नजर ठेवणाऱ्या या बाईचं आपल्या माणसाच्या हातांकडं लक्षही गेलं नाही. आठवड्याभरानं कंपनीचा ई-मेल आला, की तुमच्या यंत्राचा चुरा झाला असून पृथ्वी आपली आभारी आहे.

ऑगस्टमध्ये शेजारच्या रॅले शहरातल्या युनिव्हर्सिटीत नवी पोरं येतात. मंडळातली कुटुंबं त्यांना आपसांत वाटून घेतात. कोणी विमानतळावर जातं, कोणी गादी देतं, कोणी डबा पोचवतं. सुमित्राच्या वाट्याला अकोल्याची नैना ढोमणे आली. विदर्भातली पोरगी म्हटल्यावर सुमित्राला काय करू नि काय नको असं झालं. एका शनिवारी दुपारी ती कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या घेऊन तिच्याकडं गेली. तीन मुलींचं ते बिऱ्हाड. खुर्च्या कोणी टाकून दिलेल्या, टेबल कोणाकडून मागून आणलेलं, आणि टेबलावर एक लॅपटॉप.

सुमित्रानं वड्यांचा डबा ठेवायला जागा केली आणि तिचा हात थांबला. बिजागरीत पिवळं होतं. झाकणाच्या कोपऱ्यावर ठसा होता, बरोब्बर तिच्या बोटाच्या मापाचा. तिनं काही न बोलता झाकण उघडलं आणि स्पेसबार दाबला. कुर्र. पुन्हा दाबला. कुर्र. पृथ्वीनं आभार मानलेला चुरा टेबलावर सुखरूप बसला होता आणि त्यावर कोणाचा तरी गृहपाठ उघडा होता.

"हा कुठून घेतलास गं?"

"हा ना काकू... एका दादांनी दिला. युज्ड आहे."

"कुठले दादा?"

"ओळखीचे आहेत."

"नाव काय त्यांचं?"

नैना वड्यांच्या डब्याचं झाकण लावायला लागली. ते आधीच लागलेलं होतं. मग ती म्हणाली, "चहा टाकते ना, काकू," आणि आत गेली ती दूध उतू जाईपर्यंत बाहेर आली नाही. सुमित्रानं ओळखलं, पोरीला कोणीतरी गप्प राहायला सांगितलंय. कुठंतरी पाणी मुरतंय.

घरी येताना गाडीत तिला अक्षरशः आनंद होत होता. तो कबूल करायला ती लाजली असती, पण होत होता. इतकी वर्षं शेवाळाला चिमटे काढत फिरली होती, आज तिच्या हाती खोट लागली होती. चुरा-बिरा काही होत नाही! कंपनी हे लॅपटॉप कोणातरी दलालाला विकते, दलाल ते पोरांच्या गळ्यात मारतो, आणि इकडं झाडं उगवतात पडद्यावर. तिनं घरात पाऊल टाकताच देवदत्तला सगळं सांगितलं.

"अगं, पोरीला लॅपटॉप मिळाला ना? मग कुठं बिघडलं?" तो म्हणाला.

"प्रश्न लॅपटॉपचा नाहीये. खोटं बोलतात ते, आपल्या तोंडावर."

"बरं, पण तो दादा कोण, ते तरी आधी बघ. उगाच कोणीतरी मधल्या मधे चिरडायचा."

"ते माझं कामच नाही. बग कोणी लिहिला हे टेस्टर विचारत नाही, देवदत्त. बग आहे, कुठं आहे, कसा दिसतो, एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं."

हा तिच्या धंद्यातला नियम होता आणि चांगला नियम होता. नावं घेतली की माणसं भांडतात आणि चूक तशीच राहते, म्हणून टेस्टरनं माणसाकडं बघायचंच नाही, चुकीकडं बघायचं. तिनं हा नियम इतकी वर्षं पाळला होता की तो ऑफिसातून कधी घरी आला हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं गाडीत बसून कंपनीतले गैरप्रकार कळवायच्या सचोटी विभागाला फोन लावला. नाव सांगायची सक्ती नव्हती, तिनं सांगितलं नाही. नैनाचंही नाव घेतलं नाही, याचं तिला समाधान वाटलं. बाकी मात्र तिनं सगळं टेस्टरच्या शिस्तीनं सांगितलं. कोणती इमारत, कोणत्या दाराजवळची पेटी, कोणता दिवस, सकाळ की दुपार. त्या वेळी त्या पेटीशी कोण उभं होतं, हे तिनं सांगितलं नाही. ते महत्त्वाचं आहे असं तिला वाटलंच नाही.

पलीकडचा माणूस फारच नम्र होता. त्यानं दोनदा विचारलं, "म्हणजे यंत्र चालू स्थितीत आवाराबाहेर गेलं?" ती म्हणाली, हो, तेच तर सांगतेय. तो म्हणाला, ही ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेची बाब आहे, आम्ही फार गांभीर्यानं घेऊ. सुमित्राला वाटलं, आला मासा गळाला. कोण कोणाच्या गळाला लागलं होतं, हे कळायला तिला दसरा उजाडावा लागला.

दसऱ्याला तिनं नव्या लॅपटॉपची पूजा केली, दोन वाट्या श्रीखंड वेगळं काढून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत वाट बघितली. संग्राम आला नाही. फोन केला तर रेणू म्हणाली, "बरं नाहीये त्याला, मावशी," आणि पटकन ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी दोघं बोलत होते ते सुमित्राच्या कानावर पडलं. इंगवलेला काढला. चोरी. पेट्यांमधले लॅपटॉप लांबवायचा म्हणे. कॅमेऱ्यात सापडला. सिक्युरिटीवाला त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला तेव्हा त्याच्या अंगात तो हिरवा टी-शर्टच होता.

सुमित्राच्या हातातली कॉफी तशीच राहिली. सगळ्या जगावर संशय घेतला तिनं, दूधवाल्यावर, डॉक्टरवर, मोदकांवर, मेलेल्या शेवाळावर. आणि जिथं एक प्रश्न शेवटपर्यंत लावून धरायला हवा होता, ते "एक ओळखीचे दादा" कोण हा, तिथं नेमकी तिची अक्कल पेंड खायला गेली. कारण संग्राम आपला होता. आपल्या माणसांना ती संशयाच्या यादीत धरतच नव्हती.

संध्याकाळी संग्रामनं स्वतःहून फोन केला.

"मावशी, तुमच्या कानावर आलं असेल."

"अरे, पण तू... का केलंस असं?"

मग त्यानं सांगितलं. गेल्या वर्षी एका पेटीत कोणाची तरी घराची किल्ली चुकून गेली होती. ती शोधायला तो पेट्यांच्या ट्रकमागं गाडी घेऊन गेला. ट्रक कुठल्याही कारखान्यात गेला नाही. हायवेपलीकडच्या एका गोदामात गेला. तिथं सगळा माल तसाच्या तसा कंटेनरमध्ये भरत होते. बंदरावर जातो म्हणाले, पुढं कुठं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यानं येऊन पृथ्वी कार्यक्रमाच्या प्रमुखांना विचारलं. त्या म्हणाल्या, तो माल उचलणाऱ्या व्हेंडरचा प्रश्न आहे, आपला भाग पेटीपाशी संपतो.

"मग मी म्हटलं, निदान चांगले तरी वाचवू. डिस्क काढून ठेवायचो, मावशी, त्या सगळ्या सिक्युरिटीकडं जमा केल्यात मी. नवी डिस्क टाकायची आणि द्यायचा एखाद्या पोराला. चालणारं मशिन कुठल्या तरी उकिरड्यावर जाळायचं? जीवच होत नव्हता."

"फुकट द्यायचास?" तिच्या तोंडून निघून गेलं. स्वभाव तरी कुठं जाणार?

"मावशी!"

"नाही रे, विचारलं फक्त."

"डिस्कचे घ्यायचो. कोणाकडं नसले तर तेही नाही." "तुम्ही पण तेच विचारलंत. एचआरनी पण पहिलं हेच विचारलं."

तक्रार आपणच केली, ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे, समोर बसून सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. आयुष्यात हे एक कारण तिनं तपासून बघितलं नाही.

त्याऐवजी तिनं गोदाम तपासलं. शनिवारी सकाळी देवदत्तला गाडी चालवायला लावून ती तिथं गेली. सांगितलं होतं तसंच होतं सगळं. टायरच्या दुकानामागं लांबलचक पत्र्याची शेड, उघडा दरवाजा, आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लॅपटॉपचे ढीग आणि कडेला रिकाम्या हिरव्या पेट्यांची चळत. पेट्यांवर कंपनीचीच घोषणा होती. एकही यंत्र मातीत जाणार नाही. दारात बसून सँडविच खाणाऱ्या माणसाला तिनं विचारलं, इथं ही यंत्रं दळतात का? त्याला प्रश्नच कळला नाही. "इथं? इथं फक्त भरतो आम्ही," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर देवदत्तनं एकही विनोद केला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिनं सचोटी विभागाला पुन्हा फोन केला. या वेळी स्वतःचं नाव सांगितलं, गोदामाचा पत्ता सांगितला, फोटो काढलेत म्हणाली. तोच नम्र आवाज होता. पण या वेळी त्यानं काहीच दोनदा विचारलं नाही. तुमची काळजी आम्हाला मोलाची आहे, नोंद घेतली आहे, एवढंच. तिनं आठवडाभर वाट बघून पुन्हा फोन केला. नोंद घेतलेली होतीच. मग तिनं त्या प्रमुखांनाच गाठलं, तर त्या हसून म्हणाल्या, आपल्या व्हेंडरचं काम उत्तम आहे, त्यांनी तसं आम्हाला लिहून दिलं आहे. सुमित्राला एवढा संताप आला की समोरची शेवाळाची भिंत ओरबाडून काढावी असं वाटलं. एका पोराला पकडायला यांना आठवडे पुरले, आणि उघड्या दारातून दिसणारं अख्खं गोदाम यांना दिसत नाही! ती पहिल्यांदा जे सांगत होती ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना फक्त एक चोर हवा होता, आणि तो तिनं बांधून त्यांच्या हवाली केला होता.

नोव्हेंबरात कंपनीची मोठी सभा झाली. पृथ्वी कार्यक्रमाला कुठलंसं पारितोषिक मिळालं होतं. पुढच्या वर्षापासून पेट्यांना कुलूप असेल आणि कॅमेरे वाढवले जातील, असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. मग "एका सजग सहकाऱ्याचे" आभार मानले गेले. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. सुमित्राचेही हात वर आले होते, ते तिनं मांडीखाली दाबून धरले. शेजारच्या बाईनं विचारलं, थंडी वाजतेय का? ती हो म्हणाली.

संग्रामला नोकरी मिळाली नाही. जिथं जाईल तिथं आधीची का सोडली हे विचारायचे. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी दुपारी ती एकटीच त्यांच्याकडं गेली, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. आज सांगायचंच, असं ठरवून गेली होती. घरात खोकी पसरली होती. मुलगी एका रिकाम्या खोक्यात बसून "आय ॲम अ पार्सल" म्हणत होती. संग्रामची दाढी वाढलेली होती. तरी मावशीला बघून तो उठला आणि वाकून नमस्कार केला.

"दसऱ्याचा राहिला होता," तो म्हणाला.

तिला तो नमस्कार सोसला नाही. ती तिथंच एका खोक्यावर बसली. मनात जुळवलेली सगळी वाक्यं विस्कटून गेली.

"मावशी, एक काम करा माझं," संग्राम म्हणाला. "जाण्याआधी एवढं मला कळलं पाहिजे. कोणी सांगितलं असेल? तुमच्याइतकं डोकं कोणाचं चालणार यात? बाहेरचा माणूस नाही तो, आतलाच आहे. बिल्डिंग, पेटी, दिवस, सगळं त्यांना नेमकं दिलंय, एचआरनी वाचून दाखवलं मला. एकदम टेस्टरनं लिहावं तसं." आणि तो स्वतःच कसंनुसं हसला.

तेवढ्यात रेणू चहा घेऊन आली. तिनं कप सुमित्राच्या हातात दिला आणि पुन्हा आत जाऊन एक लॅपटॉप आणला.

"नैना देऊन गेली हा," रेणू म्हणाली. "कंपनीनं सगळे परत मागितलेत. घाबरलीये बिचारी. म्हणत होती, तिच्याकडं एक काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी हा उघडून बघितला, कुठून घेतला ते विचारलं. त्या काकूंचं नाव काही सांगेना ती." तिनं लॅपटॉप सुमित्राच्या मांडीवर ठेवला, बिजागरी तिच्याकडं करून. "तुमचाच ना, मावशी? हळद आहे याच्यात."

संग्रामनं आधी त्या हळदीकडं बघितलं. दर दसऱ्याला त्यानं सुमित्राच्या देवघरापुढं हा लॅपटॉप बघितला होता, फूल वाहिलेला. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. मुलगी खोक्यातून हाक मारत होती, कोणी तिच्याकडं गेलं नाही.

"माझाच," सुमित्रा म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. "मीच केला फोन. तू असशील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही रे. देवाशपथ. मला वाटलं, मी कंपनीला पकडतेय."

संग्रामनं लॅपटॉप तिच्या मांडीवरून उचलून एका खोक्यावर ठेवला.

"मग सापडली का, मावशी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.